हार्मोनसाठीचे पत्र नेमके कशाची साक्ष देते?

विट्याजवळच्या एका गावातील २३ वर्षांच्या तरुणाने हा प्रश्न विचारला आहे. त्याची जन्मनोंद मुलगी म्हणून झाली, पण कळू लागल्यापासून तो स्वतःला मुलगाच मानत आला. यंत्रमागावर काम करून त्याने थोडे पैसे साठवले आणि शरीर पुरुषासारखे व्हावे यासाठीचे उपचार घ्यायला मिरजेत हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवले, तेव्हा ‘आधी मानसोपचारतज्ज्ञांचे पत्र आणा’ असे सांगून त्यांनी त्याला परत पाठवले. पत्र मिळाले, परंतु त्यावर ‘एफ ६४.०’ हा क्रमांक आणि खाली ‘लिंगओळख विकार’ असे शब्द होते. ते वाचून आई म्हणाली, “शेवटी डॉक्टरांनीच तुला वेडा ठरवला की.” त्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हा खरोखरच मानसिक आजार आहे का, आईवडिलांची सही लागेल का, आणि ओळखीचा जिममधला मुलगा हार्मोनची इंजेक्शने मिळवून देतो म्हणतो तर या पत्राच्या भानगडीत पडावेच कशाला.

मी सांगलीत गेली सव्वीस वर्षे मानसोपचाराचा व्यवसाय करतो आणि अशी पत्रे मी स्वतः लिहिली आहेत, त्यांतली काही चुकीच्या शब्दांत. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. मात्र ते पटण्यासाठी तुमच्या पत्रावरचा क्रमांक कोठून आला, हे समजून घ्यावे लागेल. जागतिक आरोग्य संघटना आजारांची एक आंतरराष्ट्रीय यादी ठेवते, तिला आम्ही आयसीडी म्हणतो. या यादीच्या नवव्या आवृत्तीत पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असणे चक्क ‘लैंगिक विकृती’च्या गटात होते. १९९० साली संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीने तो शब्द टाळला, तरीही नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातच, प्रौढ व्यक्तिमत्त्वाच्या विकारांशेजारी ठेवली. एफ ६४.० हा क्रमांक त्याच आवृत्तीतला आहे. गंमत अशी की समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून बाहेर काढणारी आवृत्तीही हीच. म्हणजे एका गटासाठी दार उघडले आणि दुसऱ्याला त्याच घरात ठेवून घेतले.

अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने ही नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून ‘लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थिती’ या वेगळ्या प्रकरणात नेली आणि तिचे नावही बदलले. आता शब्द आहे लिंगभाव विसंगती, आणि किशोरवयीन व प्रौढांसाठी क्रमांक आहे एचए ६०. जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि माणसाला स्वतःला अनुभवास येणारा लिंगभाव यांच्यात ठळक आणि टिकून राहणारी विसंगती, एवढाच तिचा गाभा आहे. मुलीने केस बारीक कापले, कबड्डी खेळली, साडी नेसायला नकार दिला, एवढ्यावरून हे निदान करू नये, असेही त्या मजकुरात स्पष्ट म्हटले आहे. डेन्मार्कने तर ही वाटही पाहिली नाही. आपल्या देशाच्या यादीत त्यांनी हा बदल २०१७ मध्येच केला होता.

अमेरिकी मानसोपचार संघटनेची यादी वेगळी आहे आणि आपल्याकडची पाठ्यपुस्तके ती बरीच वापरतात, म्हणून तिचाही उल्लेख करतो. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ‘लिंगओळख विकार’ होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो ‘लिंगभाव अस्वस्थता’ झाला. यात शब्द बदलला आणि बोट ठेवण्याची जागाही बदलली. आधी तुमची ओळखच विकार मानली जात होती. आता विसंगती किमान सहा महिने टिकली असेल आणि तिच्यामुळे त्रास होत असेल किंवा जगणे अडत असेल तरच नोंद करायची. ज्याला त्रास नाही, त्याची नोंदच नाही.

यावर एक रास्त शंका येते की आजार नसेल, तर यादीत नाव तरी कशाला ठेवायचे? याचे उत्तर व्यवहारात आहे. गरोदरपण आजार नाही, पण त्याला क्रमांक आहे, कारण क्रमांकाशिवाय रुग्णालयाचा कागद पुढे सरकत नाही, विमा मिळत नाही आणि सरकारी योजनेतून उपचार होत नाहीत. लिंगभाव विसंगतीची नोंद ठेवण्यामागे हाच हिशेब होता. सर्वांना तो पटला असे नाही आणि माझ्या मनातही तो पूर्ण सुटलेला नाही, परंतु सांगलीत बसून हार्मोनचा खर्च कोण करणार हा प्रश्न पाहिला की क्रमांक असणे बरे वाटते.

तुमच्या पत्रावर जुना क्रमांक आला याला कदाचित कोणाचा दुष्टपणा कारणीभूत नसावा. अनेक रुग्णालयांच्या संगणकांत अजून दहावीच आवृत्ती भरलेली आहे आणि अनेक डॉक्टरांच्या हाताला तीच सवय आहे. पण परिणाम तुमच्या घरी झाला, म्हणून तो दुरुस्त करून घेणे योग्यच. त्यासाठी कायद्याचाही आधार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की मानसिक आजार ठरवताना देशात किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेली वैद्यकीय मानके वापरावीत, आयसीडीच्या अगदी अलीकडच्या आवृत्तीसह. अलीकडची आवृत्ती अकरावी आहे आणि तिच्या मानसिक विकारांच्या प्रकरणात तुम्ही नाही. त्याच कलमात असेही म्हटले आहे की समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे, हे मानसिक आजार ठरवण्याचे कारण होऊ शकत नाही. आईंना हे वाक्य वाचून दाखवा.

आता पत्राकडे वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे. माझ्यासमोर बसलेला माणूस बहुधा परीक्षेला आल्यासारखा बसतो. लहानपणी भावाचे शर्ट घालत होतो, भातुकली कधी खेळलो नाही, अशी तयार उत्तरे येतात, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो: पास की नापास? त्याचा दोष नाही. आम्हीच अनेक वर्षे परीक्षक होऊन बसलो होतो.

२००४-०५ च्या सुमारास तासगावकडून एक जण माझ्याकडे आली. जन्मनोंद मुलगा म्हणून, वय विशीच्या आसपास, बोलणे संथ आणि स्वच्छ. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत हार्मोन सुरू करण्याआधी किमान तीन महिने इच्छित भूमिकेत जगून दाखवावे किंवा तेवढे समुपदेशन घ्यावे, अशी अट होती. मी सावधगिरी म्हणून ती अट वर्षावर नेली. ज्या गावात एसटीच्या थांब्यावर उभे राहिले तरी चार जण वडिलांचे नाव विचारतात, तिथे एक वर्ष साडी नेसून जगून दाखव, असे मी तिला सांगितले, आणि आपण फार जबाबदारीने वागलो असे मला वाटले.

आठ महिन्यांनी ती परत आली ती डावी पोटरी सुजवून. पिशवीतून तिने गर्भनिरोधक गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या, सरकारी दवाखान्यात मिळतात त्या, अठ्ठावीस गोळ्यांच्या. प्रत्येक पट्टीच्या खालच्या सात तपकिरी गोळ्या तिने कात्रीने नीट कापून वेगळ्या ठेवल्या होत्या, कारण त्या लोहाच्या असतात आणि त्यांत हार्मोन नसते, हे तिने शोधून काढले होते. पांढऱ्या गोळ्या ती रोज चार घेत होती. अशा एका पांढऱ्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्रॅडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉर्जेस्ट्रेल असते. पहिला घटक रक्तात गुठळी होण्याचा धोका बराच वाढवतो, म्हणूनच पारलिंगी स्त्रियांच्या उपचारात तो आता वापरत नाहीत. दुसऱ्याचा थोडाफार परिणाम पुरुषी हार्मोनसारखाच, म्हणजे तिला नको असलेल्या दिशेचा. पोटरीच्या खोल शिरेत गुठळी निघाली. ती वाचली, सहा महिने रक्त पातळ करणारी औषधे घेत राहिली. त्या कापलेल्या पट्ट्या पाहून मला कळले की मी तिला थांबवले नव्हते, फक्त डॉक्टरांशिवाय सुरुवात करायला लावले होते.

तेव्हापासून पत्र देताना मी स्वतःशी एक गोष्ट ठरवली आहे. तुम्ही कोण आहात हे मी ठरवत नाही आणि ते मंजूर करण्याचा अधिकारही मला नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘नालसा’ खटल्याच्या निकालात लिंगभावाची ओळख ज्याने त्याने स्वतः ठरवायची असते, असे मान्य केले. माझे पत्र साक्ष देते ती दुसऱ्याच गोष्टींची: ही विसंगती जुनी आणि टिकून राहिलेली आहे, या व्यक्तीला औषधाचे फायदे-तोटे समजले आहेत, तिची निर्णयक्षमता शाबूत आहे, आणि सोबत काही मानसिक त्रास असेल तर तो उपचाराच्या आड येणार नाही इतपत काबूत आहे. हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटी या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठीच्या अटी साधारण याच आहेत, आणि पारलिंगी आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक व्यावसायिक संघटनेची २०२२ मध्ये आलेली आठवी मार्गदर्शिकाही याच रोखाने जाते. ‘जगून दाखवा’ ही हार्मोनआधीची अट त्याआधीच्या सातव्या आवृत्तीतच गेली होती. अर्जेंटिनाने २०१२ च्या कायद्याने मानसोपचारतज्ज्ञाच्या निदानाची अटच काढून टाकली आणि प्रौढाची समजून-उमजून दिलेली संमती पुरेशी मानली. आपल्याकडे बहुतेक हार्मोनतज्ज्ञ अजून पत्र मागतात. माझ्याकडे त्याला दोन, क्वचित तीन बैठका लागतात. महिनोन्‌महिने चकरा मारायला लावणारा कोणी भेटला, तर ‘अजून नेमके काय पाहायचे आहे’ असे नम्रपणे विचारावे.

मग त्या बैठकांत मी पाहतो तरी काय? नैराश्य आहे का, आत्महत्येचे विचार येतात का, घरातून मारहाण होते का, हे विचारतोच. नैराश्य असले म्हणून पत्र अडत नाही. दोन्ही उपचार एकत्र चालतात, आणि पुष्कळदा हार्मोन सुरू झाल्यावर नैराश्यही उतरते. क्वचित असे होते की ‘माझे शरीर बदलते आहे’ ही भावना तीव्र मनोविकाराच्या झटक्यात, भास आणि संशयांसोबत अचानक उगवलेली असते. तिथे आधी तो झटका शांत होऊ द्यावा लागतो. माझ्या पाहण्यात अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, पण ती पाहणे हे माझे काम आहे.

आपल्या भागात आणखी एक पदर असतो. केसांत जट आली की घरचे सौंदत्तीला यल्लम्माकडे नेतात, देवीने बोलावले म्हणतात आणि मूल जोगता, म्हणजे देवीला वाहिलेला, बहुधा स्त्रीवेषात राहणारा भक्त होते. त्या वाटेने गेलेल्यांपैकी काही जण पुढे माझ्याकडे आले. जट हा आजार नव्हे आणि ती लिंगभावाचा पुरावाही नव्हे; मात्र ज्या घराने ‘मी स्त्री आहे’ हे वाक्य ऐकून घेतले नसते, त्या घराने ‘देवीची आहे’ हे वाक्य ऐकून घेतले, एवढे मी पाहिले आहे. अशा व्यक्तीशी बोलताना श्रद्धा सोडवून पाहण्याचा आगाऊपणा करू नये, औषधाची माहिती मात्र तितकीच स्वच्छ द्यावी.

ओळख बदलून ‘सरळ’ करण्याचे उपचार कोणी सुचवले, तर तिथून उठून यावे. मद्रास उच्च न्यायालयाच्या ७ जून २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

दुसरा प्रश्न सहीचा. तुम्ही १८ वर्षे पूर्ण केलेले आहात, संमती तुमचीच आणि सहीही तुमचीच. काही डॉक्टर भीतीपोटी आईवडिलांना आणा म्हणतात. ती त्यांची काळजी आहे, कायद्याची अट नव्हे. तरीही मी आईला एका बैठकीला बोलावतो, रुग्णाची इच्छा असेल तरच. परवानगी मागायला नव्हे. सहा महिन्यांनी घरातला आवाज फुटू लागल्यावर दचकणारी पहिली व्यक्ती तीच असते, म्हणून.

जिममधल्या इंजेक्शनांविषयी आता स्पष्ट लिहितो. टेस्टोस्टेरॉन हे औषध वाईट नाही. तुम्हाला मिळणार तेही तेच आहे. अडचण मापाची आहे. तज्ज्ञ साधारणपणे दर दोन आठवड्यांनी १०० ते २०० मिलिग्रॅम देतात किंवा बारा आठवड्यांनी एकदा द्यायचे लांब पल्ल्याचे इंजेक्शन वापरतात. इस्लामपूरकडचा एक जण माझ्याकडे आला तेव्हा तो जिममधून मिळालेले २५० मिलिग्रॅम दर आठवड्याला घेत होता, लवकर दाढी यावी म्हणून. सकाळी डोके जड होते, चेहरा लाल राहतो, एवढीच त्याची तक्रार होती. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, ५७ टक्के निघाले, म्हणजे रक्त दाट झालेले. ५४ च्या वर गेले की मात्रा कमी करावी किंवा थांबावे लागते. आणि दाढी काही लवकर आली नाही, कारण ती मात्रेवर कमी आणि वेळेवर अधिक अवलंबून असते. पाळी साधारण एक ते सहा महिन्यांत थांबते. आवाज आणि दाढी यांची सुरुवात सहा ते बारा महिन्यांत होते. दाढी भरायला चार-पाच वर्षेही लागतात. यांतले काय परत फिरते आणि काय नाही, हे सही करण्याआधी समजून घ्या. औषध थांबवले तर पाळी बहुधा परत येते, चरबीची ठेवण हळूहळू बदलते. पण घोगरा झालेला आवाज परत बारीक होत नाही आणि आलेली दाढी जात नाही.

एक गोष्ट बहुतेक जण संकोचामुळे विचारत नाहीत. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असे नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे, आणि गर्भ राहिला तर त्याला या औषधाने इजा होऊ शकते. तुमचा संबंध अशा जोडीदाराशी असेल की ज्यामुळे दिवस जाऊ शकतात, तर हे डॉक्टरांना सांगा. पुढे स्वतःचे मूल हवे असे किंचितही वाटत असेल, तर स्त्रीबीज गोठवण्याचा विषय हार्मोन सुरू होण्याआधी काढावा. तो खर्चिक आहे, तुमच्या पगारात बसणार नाही हेही मला ठाऊक आहे. पण न सांगणे हा आमचा अपराध ठरेल.

सुरुवातीला हिमोग्लोबिन व हिमॅटोक्रिट, यकृत, साखर, चरबी आणि हार्मोनची पातळी एवढ्या तपासण्या पुरतात. पहिल्या वर्षी साधारण तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा त्या परत कराव्या लागतात. गुणसूत्रांची महागडी तपासणी काही ठिकाणी सरसकट लिहून देतात. शरीराच्या तपासणीत वेगळे काही आढळले नसेल तर तिची गरज नसते.

ओळखपत्राचा विषय या पत्रापासून वेगळा ठेवा, कारण लोक तिथे फार गोंधळतात. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्यानुसार ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात आणि २०२० च्या नियमांनी ते शपथपत्राच्या आधारे, कोणत्याही वैद्यकीय तपासणीशिवाय देण्याची तरतूद केली. म्हणजे त्या प्रमाणपत्रासाठी माझे पत्र लागावे, अशी त्या नियमांची अपेक्षाच नव्हती. त्यापुढे ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी नोंद हवी असल्यास वैद्यकीय उपचाराचा दाखला मागितला जातो. कायद्याचे आणि नियमांचे तपशील बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना त्या दिवशी काय लागू आहे हे सांगलीच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. हे प्रमाणपत्र खर्चाच्याही कामाचे आहे: ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारतच्या अंतर्गत पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाचा करार झाला, त्यात हार्मोन उपचार आणि शस्त्रक्रिया दोन्ही धरल्या आहेत.

राहिला तुमच्या हातातला कागद. ज्यांनी तो दिला त्यांच्याकडे परत जा आणि क्रमांक व शब्द अकराव्या आवृत्तीप्रमाणे करून मागा. ‘लिंगभाव विसंगती, एचए ६०’ एवढा बदल कोणताही मानसोपचारतज्ज्ञ पाच मिनिटांत करू शकतो. संगणकात जुना क्रमांक भरणे भागच असेल, तर निदान तुमच्या हातात येणाऱ्या पत्रातून ‘विकार’ हा शब्द वगळायला सांगा. त्यांनी नकार दिला तर माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाकडून नवे पत्र घेता येते. जुने मात्र रागाने फाडून टाकू नका, झेरॉक्स काढून फाइलला लावून ठेवा. त्यावरची तारीख पुढे उपयोगी पडेल, कारण ही विसंगती केव्हापासून टिकून आहे हे विचारणारा डॉक्टर शस्त्रक्रियेच्या वेळी पुन्हा भेटणार आहे.